सदोष ठरवलेला आरसा बोलतोय

मी आरसा बोलतोय. केस विंचरायचा नव्हे. माझ्यासमोर जवळ उभे राहिलात तर तुमचं नाक भोपळ्याएवढं दिसेल आणि चार पावलं मागे गेलात तर तुम्ही चक्क खाली डोकं वर पाय व्हाल. मी दुर्बिणीचा आरसा आहे. सोळा इंच रुंद, दोन इंच जाड, आणि मधोमध कळेल न कळेल इतका खोलगट. ताऱ्यांचा उजेड गोळा करून एका बिंदूत आणायचा, एवढंच माझं काम.

सध्या मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, लाकडी पेटीत पडून आहे. पेटीवर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘सदोष आरसा’. ती चिठ्ठी खोटी आहे. मला ओरडता येत असतं तर ओरडून सांगितलं असतं. ते येत नाही, म्हणून तुम्हाला शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

मी कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. आलो तेव्हा नुसती जाड काचेची चकती होतो. मला आरसा केलं ते प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी. सगळं कॉलेज त्यांना लॅबताई म्हणतं, मीही तेच म्हणतो. कॉलेज सुटल्यावर प्राध्यापक घरी जायचे आणि ताई मागच्या खोलीत यायची. वाळूनं भरलेल्या पिंपावर एक काच, तिच्यावर मी, आणि दोघांच्या मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. ती मला पुढे-मागे सरकवायची आणि पिंपाभोवती एकेक पाऊल चालायची. एकाच जागी उभं राहून घासलं तर काच एकाच बाजूला झिजते, म्हणून चालायचं. दोन वर्षं ती त्या पिंपाभोवती चालली. सरळ रस्त्यानं चालली असती तर कुठल्या कुठे पोचली असती.

शेवटचे काही महिने घासणं कमी आणि बघणं जास्त होतं. माझ्यासमोर एक छोटा दिवा आणि दाढीचं पातं लावून ती माझ्या अंगावरच्या सावल्या तपासायची. तिनं माझ्यावर अंगठा टेकवला, तर त्या उबेनं काच तेवढ्यापुरती फुगायची आणि तो फुगवटाही तिला दिसायचा. एका केसाचे हजार उभे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीच चूक माझ्यात उरली, तेव्हा कुठे ती म्हणाली, “चल, झालास तू.” मग माझ्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा चढवून आणला. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की ‘सदोष’ हा शब्द लिहिणाऱ्यानं हात लिहिता लिहिता थांबवायला हवा होता.

माझं घर बांधलं फिटरकाकांनी. हे कॉलेजच्या कार्यशाळेतले जुने जाणते कारागीर, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. प्लायवूडची फिरती पेटी, तिच्यावर आठ ॲल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला कडं, कड्यात तिरका छोटा आरसा आणि बघायचं भिंग. माझ्या पाठीखाली अठरा टेकू, आणि काठावर तीन क्लिपा. त्या क्लिपांवरून ताई आणि काकांचं पहिल्याच दिवशी वाजलं.

“काका, इथं क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकला पाहिजे.”

“म्हणजे सैल ठेवायची?”

“सैलच.”

“पोरी, माझ्या उभ्या जन्मात मी नट सैल ठेवला नाही.”

“आरसा टेकूंवर नुसता बसायला हवा. क्लिपा फक्त पडू नये म्हणून. आवळल्या तर काच वाकते.”

“दोन इंच जाड काच वाकते?” काकांनी माझ्यावर बोटानं टकटक केलं. “मग मी पण वाकेन.”

पण तिचं ऐकलं त्यांनी. कुरकुरत, पण ऐकलं.

एका शनिवारी संध्याकाळी गच्चीवर आम्हाला जोडलं. मला तासभर आधीच बाहेर आणून ठेवलं होतं, कारण बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय मला धड दिसत नाही. ताईनं छोटा आरसा आणि मी एकमेकांसमोर नीट आणले, स्क्रू बोटांनी फिरवत, डोळा भिंगाला. अंधार पडू लागला तशी एका ताऱ्यावर दुर्बीण वळवली. सुईच्या टोकाएवढा, गोल, लखलखीत. मग ताईनं शनी लावला आणि काकांना पुढे ढकललं.

काका बराच वेळ भिंगापाशी वाकून होते. मग मान वर करून म्हणाले, “ही कडी ग्रहाला चिकटलेली नाही.”

“नाही.”

“मग टेकू कुठाय?”

“टेकू नाहीच, काका.”

“आणि फिरते?” त्यांनी पुन्हा डोळा लावला. “बसवणाऱ्याला भेटायला पाहिजे.”

त्या संध्याकाळी मी माझं काम केलं होतं. बिनचूक. दोन साक्षीदार आहेत.

बातमी प्राचार्यांपर्यंत गेली आणि तिथून आमच्या मागे शनीची साडेसाती लागली. लगेच उद्घाटन ठरलं, संस्थेचे अध्यक्ष येणार ठरले. प्राचार्यांनी गच्चीवर येऊन विचारलेले प्रश्न मी ऐकले: फीत कोणत्या रंगाची, माईक कुठे, फोटो कोणत्या बाजूनं. दुर्बिणीतून काय दाखवणार, हा प्रश्न एकदाही आला नाही.

उद्घाटनाच्या दुपारी ताई गच्चीवर यायला निघाली तर तिला अडवलं. खुर्च्या कमी पडत होत्या. दोन वर्षं आरसा घासलेल्या बाईला ऐन वेळी खुर्च्या मोजायला लावलं! आणि काकांना निरोप गेला की पाहुणे मोठे आहेत, काही पडलं-बिडलं तर तुमची जबाबदारी.

काका पाना घेऊन आले. प्रत्येक सांधा हलवून पाहिला. माझ्यापाशी आले, क्लिपेला बोट लावलं आणि ती हलली. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. आपण काम अर्धवट सोडलं, असं वाटलेल्या सच्च्या कारागिराचा चेहरा होता तो. “पडला-बिडला तर पोरीची दोन वर्षं जातील,” असं पुटपुटत त्यांनी तिन्ही नट अर्धा-अर्धा फेरा आवळले.

तीन बाजूंनी कोणी खांदे आवळावेत तसं झालं मला. जीव तोडून सांगावंसं वाटलं, काका, नको. पण आरशाला तोंड कुठे असतं.

अंधार पडला. फीत कापली. भाषणं झाली, त्यात ताईचं नाव ‘आमचे कर्मचारी’ या दोन शब्दांत उरकलं. मग अध्यक्षांनी भिंगाला डोळा लावला.

“तारा म्हणालात ना?” ते म्हणाले. “मला त्रिकोण दिसतोय. भूमितीचा तास आहे काय?”

सगळे हसले. सगळ्यात आधी प्राचार्य हसले, आणि सगळ्यात शेवटी थांबले.

ताईनं धावत येऊन पाहिलं. तारा तिकोनी. तीन टोकं, तीन क्लिपा. तिला एका क्षणात कळलं. “सर, पाच मिनिटं द्या. आरसा आवळला गेलाय. नट सैल केले की—”

“पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं?” प्राचार्य दातांतून म्हणाले. “घरगुती वस्तू ती घरगुतीच. चला साहेब, चहा घेऊ.”

पाच मिनिटं! चहाला त्यांनी पाऊण तास लावला.

खाली जाताना ताईनं काकांना जिन्याच्या तोंडाशी गाठलं; कार्यक्रमभर त्यांना तिथंच गर्दी आवरायला उभं केलं होतं. “काका, क्लिपांना कोणी हात लावला?”

“मीच,” काका हसतमुखानं म्हणाले. “घट्ट बसवल्या. आता भूकंप आला तरी हलणार नाही. छान झालं ना सगळं?”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. “झालं, काका,” म्हणाली आणि उरलेल्या खुर्च्या उचलायला गेली.

पुढच्या आठवड्यात माझी चौकशी करायला तीन जणांची समिती आली. दुपारी बारा वाजता. तारे बघायच्या वस्तूची तपासणी भर दुपारी! एक वाणिज्य शाखेचे, एक ग्रंथपाल आणि एक व्यायामशिक्षक. त्यांनी मला पेटीतून अर्धवट बाहेर काढलं. व्यायामशिक्षकांनी चार पावलं मागून माझ्यात बघत मिशी सारखी करायला घेतली आणि दचकले. “अहो, यात माणूस उलटा दिसतो!” ग्रंथपालांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. ताई समजावू लागली, की खोलगट आरशात तसंच दिसायचं. “बाई, तुम्ही स्वतःच बनवलाय, तुम्ही चांगलंच म्हणणार,” वाणिज्यवाले म्हणाले. अहवालात दोन ओळी आल्या: तारा तिकोनी दिसतो, माणूस उलटा दिसतो. आरसा सदोष. निकालात काढावा.

तो अहवाल सूचना फलकावर वाचला तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले. परत आले ते प्रयोगशाळेतच, माझ्या कपाटासमोरच्या स्टुलावर बसले.

“सांगितलं त्यांना, नट मी आवळले. आरशाचा दोष नाही, माझ्या हाताचा आहे.”

“मग?” ताईनं विचारलं.

“हसले. म्हणाले, नटानं कधी तारा तिकोनी होतो का? निवृत्तीला आलात, आता आराम करा.” मग काका म्हणाले, “तू त्याच संध्याकाळी मला का नाही बोललीस?”

“तुम्ही खुशीत होता, काका.”

“असली कसली खुशी,” काका म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

आणि आता ऐका. माझ्या घराच्या आठ नळ्या वाया जाऊ नयेत म्हणून प्राचार्यांच्या खोलीत पडद्यांसाठी लावल्या. ज्यांच्या आधारानं शनी दिसायचा, त्या आता ऊन अडवतात.

काका निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला सांगितलं. कार्यक्रम खालच्या सभागृहात होता; मला तो नंतर ताईच्या तोंडून कळला. काका उभे राहिले आणि म्हणाले, “मी एवढी वर्षं इथं काम केलं, त्यात एकच चूक केली आणि ती दुसऱ्याच्या नावावर लागली. लॅबताईचा आरसा चोख आहे. माझा हात चुकला.” यापेक्षा स्पष्ट कोणी काय बोलायचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती नम्र माणूस, म्हणाले. आणि घरी गेले. एकालाही वाटलं नाही, की वर जाऊन कपाट उघडावं.

मला भंगारात काढायचं तर प्रयोगशाळेच्या वस्तू सांभाळणारी म्हणून ताईची सही लागते. दर महिन्याला ऑफिसातला कारकून तो कागद घेऊन येतो. प्राचार्यांनी तिला समजावलं, धमकावलं. सही नाही केली तर प्रयोगशाळेतून काढून उत्तरपत्रिकांच्या गोदामात बसवू, असंही सांगून झालं. ताई सहीच्या जागी दर वेळी एकच लिहिते: ‘आरसा निर्दोष आहे. येऊन बघावे.’ कागद वर जातो. कोणी येत नाही.

काल कारकून सहावा कागद घेऊन आला. ताईनं न वाचताच तेच लिहिलं. पण तो गेला नाही. कागदाची घडी घालत घुटमळला.

“ताई, एक विचारू? हे ‘येऊन बघावे’ लिहिता... मी आलो तर चालेल?”

ताईनं मान वर केली. सहा महिन्यांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. “तुम्हाला कशाला बघायचंय?”

“दर महिन्याला हाच कागद ने-आण करतो. काय आहे ते तरी कळू दे.”

“दाखवला असता हो. दुर्बिणीची फिरती पेटी, कडं, भिंग सगळं खाली कार्यशाळेत आहे, काका बोलावलं की येतील. पण नळ्या सरांच्या खोलीत पडद्यांना.”

कारकुनानं एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “शनिवारी सर नसतात. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. आणि पडदे धुवायला झालेलेच आहेत.”

ताई हसली. कितीतरी महिन्यांनी.

माझा राग गेलेला नाही. एका माणसाच्या डोळ्यानं अहवाल बदलत नाही, हे मला कळतं. पण माझ्या पेटीवर तीन जणांनी न बघता चिठ्ठी लावली, आणि हा एक माणूस बघायला येतोय. शनिवारी आभाळ मोकळं असेल की नाही, कपाटातून मला दिसत नाही. तुम्ही बाहेर आहात. तुम्हीही या. गच्चीवर जागा पुष्कळ आहे, आणि खुर्च्या या वेळी कोणी मोजणार नाही.