घंटेतला बोळा

रेंझीने कुत्रीला दोन गुडघ्यांत धरले आणि तिच्या गळ्यातल्या लाकडी घंटेच्या पोटात ओल्या पानांचा बोळा अंगठ्याने दाबून बसवला. हाडांचे लोलक मुके झाले. कुत्रीने मान झटकून पाहिली, आवाज आला नाही, तशी ती रुसून बसली. शिकारीच्या जागी पोहोचेपर्यंत घंटा मुकी ठेवायची, नाहीतर हरणांना वर्दी आधीच जाते. बोळा मामाने कोंबायचा आणि मोठ्या वारुळापाशी भाच्याने काढायचा, ही त्यांच्या घरची जुनी वाटणी.

कुत्रीचे नाव ‘हसू दे त्यांना’. कुत्र्याचे नाव शेजाऱ्याच्या कानासाठीच ठेवायचे असते. हे पिल्लू आणले तेव्हा त्याचे वाकडे पाय पाहून शेजारचा क्पोयो पोट धरधरून हसला होता. तेव्हापासून रेंझी रोज दोन वेळा क्पोयोच्या अंगणाकडे तोंड करून कुत्रीला जेवायला हाक मारायचा.

त्यांच्या कुत्र्यांची जातच न भुंकणारी. उंच गवतात शिरले की कुत्रे कुठे आहे आणि कशाच्या मागे आहे, ते घंटा सांगेल तेवढेच. घंटा ऐकून हात दाखवायचा मान रेंझीचा. त्याचा हात जिकडे, तिकडे जाळी घेऊन माणसे धावायची. त्याच्या कानांची कीर्ती अशी, की नदीपलीकडे मुंगीला ठेच लागली तरी हा अलीकडून विचारायचा, फार लागलं का गं?

त्या कानांना उतरती कळा लागून दोन उन्हाळे झाले होते. उजवा पुरता बुजला होता, डावा कसाबसा तग धरून होता. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. नाबारू बिचारी भांडायचे झाले तरी आधी वळसा घालून डावीकडे यायची. पण गेल्या दोन शिकारींत रेंझीचा हात चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर घंटा भाच्याकडे, तुपोईकडे द्यायची आणि रेंझीने सावलीत बसून भुईमूग सोलायचा, असे जाणत्यांनी मक्याची दारू पिता पिता ठरवून टाकले होते. आज तिसरी खेप होती.

वारुळापाशी आठ जण थांबले. तुपोईचे म्हणणे, जाळी ओढ्याकडे लावावीत. रेंझीचे म्हणणे, कुत्री आत गेल्याशिवाय जाळ्याला हात लावू नये. तुपोई म्हणाला, मामाचा हात फिरेपर्यंत हरणाची नातवंडे होतील. रेंझी म्हणाला, तुझ्या आईलाही असेच बोलायची घाई होती, म्हणून दोन दात पुढे आले. सगळे हसले, तुपोईही हसला, आणि त्या हसण्यात कुत्रीने सुतळी ओढली. रेंझीने सोडली. गवत उघडले आणि मिटले.

मग काहीच नाही.

रेंझीने डावा कान वाऱ्याकडे केला. एरवी लांबून का होईना, एक बारीकशी टकटक पोहोचायची. आज तीही नाही. म्हणजे हाही गेला. त्याने हळूच बाकीच्यांची तोंडे न्याहाळली. सात माना तिरक्या, सात तोंडे अर्धवट उघडी. या लोकांना आत्ता काय ऐकू येत असेल, असे मोठे कुतूहल त्याला वाटले. दुसऱ्याच्या ताटातले कालवण कसे लागत असेल, तसे.

तुपोई समोर येऊन उभा राहिला.

“ऐकू येतंय ना मामा?”

“तुला कुठं येतंय ते सांग आधी.”

“ओढ्याकडे. अगदी लख्ख.”

“ओढ्याकडेच,” क्पोयो म्हणाला. “बहिऱ्यालासुद्धा कळेल.”

रेंझीने ओढ्याकडे पाहिले. काठावर चार बगळे एका पायावर उभे होते. कुत्री त्यांच्याजवळून गेली असती तर दुसरा पाय केव्हाच खाली आला असता. मग त्याने ताडांकडे नजर फिरवली. दोन धनेश पक्षी आत्ताच उठले होते आणि परत बसायला तयार नव्हते. त्यांच्याखाली गवताचे शेंडे वाऱ्याच्या उलट दिशेला वाकत चालले होते.

“ताडांकडे,” तो म्हणाला आणि हात दाखवला.

क्पोयोने कानामागे तळहात धरला, डोळे बारीक केले आणि सांगितले की हो, आता वळली खरी ताडांकडे. मग एकेकाला तसेच ऐकू येऊ लागले. जाळी धावली. भाले टेकवून दम घेईपर्यंत एक लालसर ठेंगणे हरीण जाळ्यात येऊन आदळले, आणि त्याच्या शेपटीला लागून ‘हसू दे त्यांना’.

रेंझीने कुत्रीला जवळ घेतले आणि शाबासकीला तिचा गळा खाजवला. बोटे घंटेत गेली. बोळा जिथल्या तिथे होता. त्याच्या अंगठ्याचा खळगासुद्धा तसाच.

त्याने मान वर केली. तुपोई समोरच उभा होता आणि घंटेकडे बघत होता. बोळा काढायचे काम त्याचे होते, आणि ‘लख्ख’ हा शब्दही त्याचाच. जाळ्यापाशी क्पोयो सगळ्यांना सांगत होता की आज घंटेचा आवाज काय गोड लागला, मधासारखा.

बोळा दाखवून एक हाक मारली असती तर गाव दोन वर्षे हसले असते. रेंझीने बोळा बोटाने उकरला, मुठीत घेतला आणि घंटा हळूच हलवली. डाव्या कानात, कुणी लांब शेंग फोडावी तसे, टक झाले. त्याने पुन्हा हलवली. पुन्हा झाले.

परतताना क्पोयो आणि मंडळी पुढे होती. हरीण खांद्यावर घेऊन तुपोई मामाच्या उजव्या हाताला चालत होता. मामाची नजर कुत्रीवर होती. दोन पावले पुढे असलेल्या कुत्रीचा एक कान एकाएकी मागे वळला. रेंझीने तो कान पाहिला. म्हणजे उजवीकडे काहीतरी बोलणे झाले होते.

“हं, बोल,” तो म्हणाला.

तुपोई थबकला. त्याने कुत्रीच्या कानाकडे पाहिले, मग मामाच्या. त्याने हरीण दुसऱ्या खांद्यावर घेतले, मागून वळसा घातला आणि मामाच्या डाव्या बाजूला आला.

“मामा,” तो जरा मोठ्याने म्हणाला, “पुढच्या खेपेला कुठं कुठं बघायचं, ते मला दाखवशील?”

रेंझीने मूठ उघडली आणि पानांचा बोळा त्याच्या हातावर ठेवला.

“आधी हा वेळेवर काढायला शीक.”

पुढून क्पोयोचा आवाज येत होता. मध आता साखरेपर्यंत गेला होता. कुत्री रेंगाळली होती. तिला हाक या वेळी तुपोईने मारली, पूर्ण नावाने, पुढच्यांना ऐकू जाईल अशी.