बाळूनं बदललेली बॅटरी

भगवानच्या जुन्या जीपला अलीकडे सुरू व्हायचा भारी कंटाळा आला होता. चावी फिरवली की स्टार्टर कण्हत कण्हत फिरायचा, थांबायचा, पुन्हा कण्हायचा. आणि नेमका त्याच वेळी, त्याच सामाईक अंगणात, चुलतभाऊ बाळूचा टेम्पो एका चावीत सुरू होऊन तळोज्याकडे निघून जायचा. भगवानचं पित्त खवळायचं ते यानं. जीपची बॅटरी पावसाळ्यात चार्जिंगला बाळूनंच नेली होती. तेव्हा त्यानं चांगली स्वतःला ठेवली आणि त्याची जुनी, मेलेली आपल्या गळ्यात मारली, असं भगवाननं ठरवून टाकलं. ठरवलेलं पोटात ठेवायचा त्याचा स्वभाव नव्हता. गावदेवीच्या देवळापुढे, भजनाला जमलेल्या सगळ्या गावासमोर, तो बाळूला चोर म्हणाला.

बाळू तेव्हा भांडला नाही. म्हणाला, "उद्या पनवेलला जाऊ. मेकॅनिक तुझाच. मी बदलली असंल तर हितं नाक घासीन. नसंल, तर तू हितंच उभा राहून सांगायचं, बाळू चोर नाय."

सगळ्यांसमोर भगवान हो म्हणाला. खुशीनं म्हणाला. बाळूचं नाक फरशीवर घासलेलं त्याला आताच दिसत होतं.

सकाळी दोघे त्याच जीपमधून पनवेलला गेले. भगवाननं गॅरेजवाल्या शिवाला उतरल्या उतरल्या सांगितलं, "बॅटरी बघ. मेलेली हाय ती."

शिवानं आधी बॅटरीवर लोड टेस्टर लावला. काटा हिरव्यात गेला आणि तिथंच राहिला. "चांगली आहे की. अजून दोन वर्षं हात लावू नका."

"मंग स्टार्टर बदललाय," भगवान म्हणाला.

बाळू हसला. ते हसणं भगवानच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

"काका, गाडी दाखवायला आलात की कुस्ती खेळायला?" शिवा वैतागला. त्यानं मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला धरली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला, आणि भगवानला चावी फिरवायला लावली. आकडा शून्याशी राहायला हवा होता, तो तीन व्होल्टच्या वर गेला. मग शिवानं एक जाड केबल आणली, बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला जोडली आणि म्हणाला, "आता मारा."

जीप एका दमात सुरू झाली. गाडी सुरू झाली म्हणून एवढा संताप भगवानला आयुष्यात कधी आला नव्हता.

"बॅटरीत करंट आहे, त्याला परतीची वाट नाही. अर्थिंग गेलं," शिवा म्हणाला आणि खाली वाकून त्यानं इंजिनाजवळचा बोल्ट सोडवला. अर्थिंगची तांब्याची पट्टी हिरवी पडून कुजली होती, हात लावताच तिचा भुगा झाला. त्या भुग्यात हळद होती, कुंकू होतं, नारळाची शेंडीसुद्धा होती. "हे काय प्रकरण आहे?"

 लोक अमावास्येला नारळ चाकापुढे फोडतात. भगवान मात्र बॉनेट उघडून इंजिनाच्या लोखंडावरच फोडायचा आणि सगळं पाणी आत ओतायचा. बाळूची दृष्ट इंजिनाला लागते, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

घरच्या अंगणात दर अमावास्येला हे बघत आलेल्या बाळूला काही सांगायची गरजच नव्हती. "माझ्यासाठी फोडायचास ना?" त्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता तो एसटी स्टँडकडे चालू लागला. शिवानं नवी पट्टी बसवली. भगवान एकटाच घरी आला. आता बाळूच म्हणेल, जाऊ दे, घरातली गोष्ट आहे. एवढीच एक आशा तो वाटेत धरून होता.

संध्याकाळी देवळापुढे बाळू सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. जाऊ दे असं काही तो म्हणाला नाही. भगवान खालमानेनं पुटपुटला, "बॅटरी ठीक हाय."

"मोठ्यानं," बाळू म्हणाला. "चोर बोललास तवा पार वरच्या आळीला ऐकू गेलं होतं."

भगवानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो बोलला. बाळू चोर नाय, माझंच चुकलं, असं वरच्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला. आणि मग, लहानपणापासून शंभर भांडणांनंतर केलं होतं तसं, त्यानं बाळूच्या खांद्यावर हात ठेवला.

बाळूनं तो हात उचलून बाजूला केला. "चोर नाय ते सांगितलंस, बरं झालं," तो म्हणाला. "आता भाऊ हाय असं पन कुनाला सांगू नको."