‘या’ न म्हणणाऱ्या घराचा उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही. माना डोलावणाऱ्यांना गोष्ट सांगण्यात मजा नसते, ती माणसं मध्येच डुलक्या घेतात.

मित्रांनो, मी मूळचा जहाजाची डोलकाठी. माझ्या टोकावर बसून घारी समुद्राचा अंदाज घेत आणि वादळ मला विचारून... हसू नका. बरं, डोलकाठी नसेन. एका गोदामाची तुळई होतो म्हणा. तुळईलाही काही कमी मान नसतो, अख्खं छप्पर तिच्या जिवावर झोपलेलं असतं. गोदाम पाडलं तेव्हा एका सुताराने मला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि माझ्यावर रंधा फिरवला. वरचं काजळलेलं साल निघून आतून तांबूस, घट्ट लाकूड दिसलं, तेव्हा तो बायकोला हाक मारून म्हणाला की हे दारातच बसवू या, आपल्या नातवंडांना पुरेल. मला गुदगुल्या होत होत्या. हे मात्र अगदी खरं.

त्या सुताराची धाकटी मुलगी आत्ता माझ्यावरच बसली आहे. हो, हीच, केस पिकलेली. गुडघ्यांत करवत धरून दातांना कानस मारते आहे. तीही सुतारच झाली. माझ्या गोष्टी तिने इतक्यांदा ऐकल्या आहेत की ती मानसुद्धा वर करत नाही. चालू द्या तिचं.

तुम्ही उन्हात वाढलेली मुलं. या शहरात एके काळी ऊनच नव्हतं, हे तुम्हाला कसं पटणार? त्या टेकडीवर भट्ट्या होत्या आणि त्यांची धुरांडी दिवसरात्र धूर ओकत. आभाळ म्हणजे फरशी पुसायचं फडकं. वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काढला तर तो ओलाही असे आणि काळाही. हा धूर कुणासाठी? तर फिकट्यांसाठी.

जाड जाड पुस्तकांत त्यांना व्हॅम्पायर म्हणतात. तिथे ते देखणे असतात, उसासे टाकतात आणि मुली त्यांच्यावर भाळतात. आमच्या वेळचे फिकटे उसासे टाकत नसत, दंडावर शिक्का मारत. शहर त्यांच्या ताब्यात होतं. ऊन अंगावर पडलं की ते कागदासारखे जळून जात, म्हणून त्यांनी आधी सूर्य झाकला आणि मग रक्तघर उघडलं. बारावं वर्ष पुरं झालं की प्रत्येकाने आपल्या पाळीला तिथे जाऊन बाही वर करायची. जो जाणार नाही त्याच्या दारात फिकटे येत.

दारातच येत, हे लक्षात घ्या. आतून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय त्यांना उंबरठा ओलांडता येत नसे. का, ते कुणालाच माहीत नाही. मी म्हणतो, माझ्या दराऱ्यामुळे.

पण फिकटे हुशार. ते जबरदस्ती करत नसत, नम्रपणे उभे राहत. कधी नळ दुरुस्त करणारा म्हणून, कधी जुन्या ओळखीचा म्हणून. आणि ज्यांना ते घेऊन जाऊन आपल्यासारखं करत, ती माणसं सगळ्यात आधी स्वतःच्याच दारात परत येत, कारण ‘ये’ म्हणायला आईबापाइतकं उतावीळ कुणी नसतं. मग शहराने ठरवून टाकलं की कुणालाही ‘या’ म्हणायचं नाही. पाहुण्याने न विचारता, धक्का मारून आत शिरायचं. जो घुसला तो आपला. दारात अदबीने थांबला तो संशयित. जावई थांबला की सासरे काठी शोधत. एक लाजाळू शिक्षक बिचारे दारात थबकले म्हणून त्यांच्या डोक्यावर कढत पाण्याची बादली रिकामी झाली होती. नंतर ते इतके धसमुसळे झाले की लोकांची बिजागरी निखळू लागली आणि आमच्या सुताराला काम मिळालं. लोक कामासाठी उंबरठे झिजवतात म्हणतात ना? त्या दिवसांत खरंच झिजलो. झिजणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही.

आता या सुताराची अडचण ऐका. माणूस जुन्या वळणाचा. दारात कुणी दिसलं की त्याच्या तोंडून ‘या, या, बसा’ निघायचंच, शिंक यावी तसं. त्याची बायको रक्तघरातून घरी येता येता रस्त्यात बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून घर थोरलीने हातात घेतलं होतं. तिने बापाला एकच अट घातली. पुढच्या खोलीत काम करायचं तर तोंडात खिळे धरायचे. सुतार खिळे ओठांत धरतातच, पण हा रंधा मारतानाही धरी, गोंद लावतानाही धरी. शेजारी गंमत करायचे की म्हातारा खिळे चघळतो. थोरली म्हणायची, चघळू दे, जीभ टोचलेली बरी.

थोरलीचं काय सांगू? फळ्यांची चळत एकटी उचलायची. केस स्वतःच कापून कानापर्यंत आणलेले, कुणाच्या मुठीत येऊ नयेत म्हणून. दार उघडताना हातात लाकडी हातोडा. आलेल्या मांजरालाही तिने कधी ‘ये’ म्हटलं नाही, नुसती बाजूला सरकायची. धाकटीचं बारावं सरलं तेव्हा तिने बापाला स्पष्ट सांगितलं की ही आईच्या अंगलटीची आहे, पहिल्याच बाटलीला आटोपेल. मग धाकटीच्या पाळीलाही थोरलीच जाऊ लागली. आपल्या पाळीला सदऱ्यात जायची, बहिणीच्या पाळीला तिचा झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून, खांदे पाडून. परत आली की माझ्यावर बसायची. ओठ पांढरे पडलेले असायचे. तेवढ्यात धाकटी गूळपाणी घेऊन आली की म्हणायची, “तुझा झगा काखेत काचतो गं. जरा जाडी हो की.”

एकाच अंगातून किती काढणार? दंडावरची जुनी टोचणी रक्तघरात कुणाच्या तरी नजरेला पडली असावी. एका दुपारी थोरली बहिणीच्या पाळीला गेलेली असताना दारात एक गिऱ्हाईक उभं राहिलं. हातात राखाडी मोजे, आवाज मधाळ. पाळणा करून हवा म्हणाला. घरात पहिलं बाळ येणार आहे.

मित्रांनो, त्या दिवसांत पाळणा कुणी करून घेत नसे. सुताराने कित्येक वर्षांत पाळणा केलेला नव्हता. त्याचे डोळे असे उजळले की मला कळलं, आता संपलं. त्याने खिळे तळहातावर काढून ठेवले. लाकूड कोणतं, कठड्याला नक्षी हवी का, असं विचारता विचारता त्याने खुर्चीवरचा भुसा झटकला आणि तो शब्द बोलून गेला. वर ‘बसा’ही म्हणाला.

हातमोजेवाला माझ्यावरून आत गेला. त्याच्या बुटाला वजनच नव्हतं.

थोरली आली तेव्हा धाकटीचं मनगट त्या मोज्यात होतं आणि सुतार भिंतीला टेकून, उघड्या तोंडाने उभा होता. हातोड्याकडे तिने एकदा बघितलं आणि नजर वळवली, कारण पोरीचं मनगट काडीसारखं होतं. मग ती व्यवहाराचं बोलली. ही पोर नेलीत तर दोन बाटल्यांत मरेल. भट्टीवर फावडं मारायला तुम्हाला दणकट हात लागतात. मला न्या, तुमच्यासारखी करा, म्हणजे मी थकायचीसुद्धा नाही. त्याने तिचे खांदे बघितले, बाजारात बैल बघावा तसे. सौदा त्याला पटला. ती आधी बाहेर पडली. तो धाकटीला धरून माझ्यापर्यंत आला, बाहेर पाऊल टाकलं आणि मगच मनगट सोडलं. पोर आत कोलमडली.

थोरली वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, “दार लाव. आणि हे बघ, बाबांना काही बोलायचं नाही. कधीच नाही.”

धाकटी बोलली नाही. पण तेवढ्याने सुताराचं ओझं कमी झालं असं नव्हे. त्याने हत्यारांना गंज चढू दिला. लोक या दाराकडे फिरकेनासे झाले, आत कुणी घुसेना की माझ्यावर कुणाचं पाऊल पडेना. मला डाव्या बाजूने वाळवी लागली. झिजण्याचं दुःख मी सांगितलंच, पण न झिजण्याचं त्याहून वाईट असतं. धाकटी मात्र बापाची करवत घेऊन आपल्या आपण शिकू लागली. बोटं कापून घेत, फळ्या वाया घालवत. आणि पाळी आली की रक्तघरात जाऊ लागली. मरायची मात्र राहिली. ताई म्हणाली होती त्याहून ती चिवट निघाली.

मग एका सकाळी टेकडीवरचं एक धुरांडं गप्प झालं. मग दुसरं. थोरलीने काय केलं ते नंतर कळलं. ती सुताराची पोर. भट्टीत कोळसा घसरत जायच्या पन्हळी असतात, त्यांच्या तोंडात तिने लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि वर पाणी ओतलं. ओलं लाकूड फुगतं. मग ते बापजन्मात निघत नाही. फिकटे खेचत बसले आणि भट्ट्या विझत गेल्या. आपण काय करतोय आणि त्याने आपलं काय होणार, हे तिला पक्कं माहीत होतं. फिकट्यांतली एक होती ना ती.

ती इथे आली. पूर्वेचा धूर तेव्हा पातळ होऊ लागला होता. अंगभर काजळी, आणि काजळीखाली कागद. आता मित्रांनो, इथेच माझी खरी कर्तबगारी आहे, नीट ऐका. घरात सावली होती. दार बंद होतं. सुतार आतल्या खोलीत गाढ झोपला होता, धाकटी तापाने ग्लानीत होती, कुणाला काहीच कळलं नाही. होतो तो मी एकटा. थोरलीने पाऊल उचललं. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या पोरीने माझ्यावर बसून गूळपाणी प्यायलं, तिला मी अडवलं. छाती फुटत होती माझी, पण अडवलं. आत गेली असती तर भुकेने घरातलं कुणी जिवंत ठेवलं नसतं तिने. मग ऊन समोरच्या भिंतीवर आलं, मग रस्त्यावर, मग माझ्या कडेपर्यंत. तुम्ही आज ज्या उन्हात बसला आहात ना, त्याचा तो पहिला दिवस.

म्हणून सांगतो, बाळांनो, उंबरठ्याची काळजी घ्या. त्याला वर्षाकाठी तेल पाजा, वाळवी लागली तर वेळीच बघा, त्याच्यावर अक्रोड फोडू नका. तो हलत नाही म्हणून त्याला मन नाही असं समजू नका. अडीअडचणीला दुसरं कुणी नसतं, तेव्हा तोच एकटा—

“खोटं.”

कानस थांबली होती. मुलांनी धाकटीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवत होती.

“मला ताप नव्हता,” ती म्हणाली. “बाबाही झोपले नव्हते, आमच्या घरात तेव्हा कुणी झोपतच नसे. दार मी उघडलं. बाबांनी तिला ‘ये’ म्हटलं. मी म्हटलं. ऊन येतंय ताई, आत ये, असं रडून रडून म्हटलं. तिने बाबांच्या गळ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून याच्या बाहेरच्या कडेला बसली, रस्त्याकडे तोंड करून. म्हणाली, तुम्ही आत जा, माझ्याकडे बघत बसू नका. आम्ही बोलावतच राहिलो. यानं कुणाला अडवलं नाही रे पोरांनो. दार सताड उघडं होतं.”