डांबरावरचा जवळा

बोरिवलीच्या खाडीकाठी कोळणी जिथे जवळा सुकवायच्या, तिथेच एका शेठने बासष्ट साली आपल्या विमानासाठी डांबरी धावपट्टी केली. "माझं काम संपलं की जागा तुमचीच," असं तेव्हा तो म्हणाला होता. विमानातून त्याचे दोस्त उतरायचे, दारूच्या पेट्या उतरायच्या. त्या कोळणींतल्याच सगुणाचा नवरा हरेश्वर खाकी घालून राखणीला उभा असायचा आणि साहेबांना वास येतो म्हणून आपल्याच बायकांना टोपल्यांसकट हाकलायचा.

मग शेठची हौस फिटली. विमान यायचं बंद झालं, पट्टीच्या कडेने रान माजलं, पत्र्याच्या शेडमध्ये कुत्री व्याली. एकाहत्तरच्या मे महिन्यात मॅनेजर येऊन सांगून गेला, "घ्या तुमची जागा."

सगुणा हरखली. आयती गुळगुळीत जमीन! सकाळीच तिने पट्टी झाडली आणि घरातला सगळा ओला जवळा तिच्यावर पसरला. दुपारच्या उन्हाने डांबर पाघळलं आणि जवळा त्यात रुतून काळा पडला. तिने चिमूटभर तोंडात टाकला आणि थुंकली.

"कोंबड्यापण खाणार नाहीत हा."

हरेश्वर चाचरत म्हणाला, "शेठला सांगू का? माणूस चांगला आहे गं."

"चांगला? आपल्या अंगणात हगून गेला रे तो! आणि तू अजून त्याची खाकी घालून ती घाण राखतोस!"

हरेश्वरने शर्ट उतरवला. सगुणाने तो हिसकावून हाताचं डांबर त्यालाच पुसलं आणि घरातली पहार आणून त्याच्यापुढे टाकली.

"खण."