नागाईची घोडी

करमाडच्या पलीकडच्या माळावर सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. गोष्ट सहाशे वर्षांपूर्वीची. नागाई नावाची मठातली जोगीण, गावं जाळत येणाऱ्या फौजेपुढं गळ्यातली माळ न काढता तलवार उचलते. नागाई लेखकाच्या मनातली. तिचं काम करणारी राजनंदिनी मात्र हाडामांसाची, पुण्याची, आणि तिसऱ्याच दिवशी घोड्यावरून पडलेली. धुराचा बार उडाला, बाहेरून आणलेला काळा घोडा उधळला आणि ती दगडांवर आपटली. हाडं शाबूत राहिली, धीर तेवढा सुटला.

दिग्दर्शक अतुल आता न बुजणारा घोडा शोधत मुकुंदवाडीत कडुबाच्या दारात आला. कडुबाची पांढरी घोडी लग्नाच्या वरातीला जायची.

"सायब, आमची चांदणी धा वर्सं झाली, डीजेपुढं चालतीय," कडुबा म्हणाला. "पायात फटाका फुटला तरी कान हलवत नाय. तुमच्या बाराला काय भिणार! पण माझा पाय अधू झालाय. लगामाला मेघा राहील."

मेघा त्याची लेक, चोवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी बापाचा पाय मोडला तेव्हापासून वरातीत घोडी तीच धरायची. लोक नावं ठेवायचे, "पोरीच्या जातीला शोभतं व्हय हे?" कडुबा म्हणायचा, "घोडीची तक्रार असंल तर सांगा." त्याच्या स्वतःच्या लग्नात गावातल्या कुणी त्याला घोडी दिली नव्हती; विहारापर्यंत नवरदेव पायीच गेला होता. त्या गावाचं नाव तो आजही घेत नसे. शहरात हाताला काम लागल्यावर त्यानं आधी घोडी घेतली, मग घरावर पत्रे टाकले. चांदणी त्या घोडीची लेक. कडुबानं कुठल्याच नवरदेवाला जात विचारली नाही.

दोन दिवस सराव झाला. राजनंदिनी रिकिबीत पाय घालायची आणि पुन्हा खाली उतरायची.

"मेघा, ती नागाई देवाच्या भरवशावर लढाईत शिरली," ती एकदा म्हणाली. "मला साधं खोगिरावर बसवत नाही गं."

बाभळीच्या सावलीत बसलेला कडुबा काठी टेकत उठला.

"ताई, नवरदेव बी भितोच. वरनं हसतो, पण मांड्या थरथरत्यात. मी त्याला एकच सांगतो. घोडीच्या दोन कानांमधनं म्होरं बघायचं. खाली बघितलं की माणूस खालीच जातं."

राजनंदिनीनं कानांमधून समोर पाहिलं. त्या संध्याकाळी तिनं माळाला तीन फेऱ्या मारल्या.

लढाईच्या दिवशी चारशे माणसं भाले घेऊन उभी राहिली. धूर सुटला, बार उडाले. चांदणी ढिम्म हलली नाही. मग ढोल वाजले, आणि चांदणी नाचायला लागली! पुढचे पाय आळीपाळीनं उचलून, मान डोलवत, अगदी वरातीतल्यासारखी. चारशे जणांची फौज खो-खो हसत सुटली. अतुलनं कपाळाला हात लावला.

"ढोल बंद करा!"

"नको सर," मेघा पुढं झाली. "मी तिच्या तोंडाशी उभी राहून मानेवर हात ठेवला की थांबते ती. तशी सवयच आहे तिला."

"अगं, पण तू कॅमेऱ्यात दिसशील!"

"मग दिसू दे की," वरून राजनंदिनी म्हणाली. "नागाईच्या मठात एकच जोगीण होती का?"

अतुलनं कपडेपटवाल्याला हाक मारली. अर्ध्या तासात मेघाच्या अंगावर गेरवी कफनी आली. ढोल पुन्हा वाजले. तिनं चांदणीच्या मानेवर हात ठेवला, घोडी थांबली, मग संथ पावलं टाकत सरळ धुरात शिरली. वर राजनंदिनी ताठ बसली होती. शॉट संपला तेव्हा ती उतरली आणि धावत जाऊन कडुबाच्या पायांवर वाकली.

"अगं माय, हे काय!" कडुबा काठी सावरत मागं सरला. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लई नाव काढशील, पोरी."

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. राजनंदिनीनं तिकिटं पाठवली होती, चिठ्ठीसकट: 'मी घोड्यावर बसले ते तुमच्या दोघांमुळं.' मुकुंदवाडीची निम्मी गल्ली थेटरात होती. पडद्यावर धूर पसरला, ढोल घुमले, आणि पांढऱ्या घोडीशेजारी मेघा चालत आली. मागून शिट्ट्या झाल्या. "आपली मेघा!" कुणीतरी ओरडलं. तिला नावं ठेवणारी शेजारीणसुद्धा टाळ्या पिटत होती.

मेघा पडद्याकडं बघतच नव्हती. ती बापाकडं बघत होती. भर वरातीत लोक हसायचे तेव्हा त्यानं एकदाही लगाम तिच्या हातून परत घेतला नव्हता. एवढ्या दिवसांत हे त्याला बोलून दाखवायचं राहून गेलं होतं.

"आबा," ती त्याच्या कानाशी वाकली, "तुम्ही माझ्यावर घोडी सोपवलीत. लई उपकार झाले तुमचे."

"गप," कडुबा म्हणाला, "बघू दे." पण तिचा हात त्यानं आपल्या हातात घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.