बाकावरची पाच मिनिटं

शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला बेल वाजायची आणि वहिनीच्या कपाळावर आठी उमटायची. बेल नणंदेची. नणंद शहरातली बस चालवायची, त्यामुळे वेळेवर येणं तिच्या हाडीमांसी मुरलेलं. अंगाने उंच, खांद्यांनी रुंद, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. पण घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. लहानपणी कोणीतरी ते नाव ठेवलं आणि मग काढायचं राहून गेलं.

“वहिनी, चहा नको गं, पिऊनच आलेय,” असं म्हणत ती बूट काढायची आणि सरळ सोफ्याच्या उजव्या कडेला जाऊन बसायची. सोफ्याची उजवी कड वहिनीची होती. तसं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण अशा गोष्टी लिहून ठेवायच्या नसतातच.

मग नवरा टीव्ही लावायचा, बहीण-भाऊ हातात एकेक कंट्रोलर घ्यायचे, आणि पुढचे तीन तास त्या घरात बायकोला कुत्रं विचारत नसे. म्हणजे विचारत. “तू पण बस ना,” असं नवरा दर वेळी म्हणायचा. पण ते विचारणं तोंडदेखलं, असं तिचं ठाम मत होतं, आणि ठाम मतांना ती सहसा हलू देत नसे.

खरं तर तो गेम त्या दोघा नवराबायकोने मिळून आणला होता. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी तोच. एक बेट, त्यावर बंद पडलेलं दीपगृह, आणि ते पुन्हा चालू करायला आलेली दोन माणसं. दोघांनी मिळूनच खेळायचा. एकट्याला दारसुद्धा उघडत नाही. ती काम करायची त्या डेंटल लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. “तू कुठवर आलीस? पूल बांधलास का?” असं एकमेकींना विचारणं चाले.

गेमच्या सुरुवातीला एक झोपडी होती, झोपडीत एक आरसा, आणि आरशासमोर उभं राहून आपल्या माणसाचा चेहरा घडवायचा. नवऱ्याने आपला चेहरा दोन मिनिटांत उरकला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वर जातेय, खाली येतेय, दार लागतंय, एवढं झालं की त्याचं समाधान. तिने मात्र रविवारची अख्खी सकाळ घातली. बारा वर्षं ती लोकांचे दात बनवत आली होती, कवळ्या, कॅप, एकेक दाढ मेणात कोरून. जबडा कसा उतरतो आणि ओठ त्यावर कसा बसतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने स्वतःलाच घडवलं. पुढच्या दोन दातांमधली फटसुद्धा सोडली नाही. हसली की दिसायची तशीच.

“अरे, ही तर तू,” नवरा म्हणाला होता, आणि बराच वेळ बघत राहिला होता.

मग खेळ सुरू झाला आणि तिचं नशीब फुटकं निघालं. त्या गेममध्ये सगळं त्या माणसाच्या डोळ्यांतून दिसायचं. मान वळवली की अख्खं बेट गरकन वळायचं, पाऊल टाकलं की जमीन हिंदकळायची. तिसऱ्या मिनिटाला तिच्या कानांमागे घाम फुटला, पाचव्या मिनिटाला ती बेसिनपाशी होती. औषधाच्या दुकानातल्या बाईने समजावलं, की डोळे म्हणतात आपण चाललोय आणि कान म्हणतात आपण बसलोय, त्या भांडणात पोट मध्ये पडतं. काहींना होतंच असं. सवयीने जातं, किंवा जात नाही.

तिचं गेलं नाही. गोळ्या झाल्या, आलं चघळून झालं, खोलीत सगळे दिवे लावून झाले, टीव्हीपासून पार भिंतीला खुर्ची टेकवून झाली. चार रविवारांत जास्तीत जास्त अकरा मिनिटं, आणि त्या अकरा मिनिटांपायी अख्खी संध्याकाळ अंथरुणात. नवरा म्हणाला, “जाऊ दे. आपण ते पत्त्यांचं काहीतरी खेळू.” त्यावर तिने मोठ्या मनाने सांगितलं, “छे, तू कशाला अडतोस? चिमणीला बोलव. आणि नव्याने कशाला सुरू करता? माझीच बाई घेऊ दे तिला.”

ही तिची पहिली चूक. तो नाही म्हणेल, निदान अर्धं मिनिट तरी विचार करेल, अशी तिची अपेक्षा होती. तो म्हणाला, “चालेल तुला?” आणि तिने हो म्हटल्याबरोबर बहिणीला फोन लावला. मनात एक आणि तोंडात एक हे नवऱ्यांना कळत असतं, तर जगातली निम्मी लग्नं किती शांत झाली असती.

तेव्हापासून आयत्या बिळावर नागोबा. चिमणी तिच्या जागेवर बसून, तिचा चेहरा घालून, तिच्या नवऱ्याबरोबर बेटभर हिंडायची. टीव्हीचे दोन भाग असायचे, डाव्या बाजूला त्याला दिसतं ते, उजव्या बाजूला चिमणीला दिसतं ते. पण हिने तिकडे बघणंच सोडलं होतं. गरगरायचं, आणि गरगरलं नसतं तरी बघवलं नसतं. ती स्वयंपाकघरात टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि धुतलेले कप पुन्हा धुवायची. कान मात्र तिकडेच. नणंदेचा तिला हेवा वाटत होता, सरळ सरळ हेवा. दिवसभर बस वळवून जिला काही होत नाही, त्या पोटाचा हेवा. त्या दोघांच्या हसण्याचा हेवा. लॅबमध्ये ती सांगायची, “फालतू गेम आहे, नुसती पळापळ.” नाचता येईना अंगण वाकडं, हे तिलाही कळत होतं, म्हणून तर ती ते जरा मोठ्याने सांगायची.

बुधवारी जेवताना नवरा एकटाच हसला.

“काय झालं?”

“काही नाही. चिमणीने शनिवारी होडी बांधली, तर उलटी. आम्ही दोघं चढलो आणि...” तो पुन्हा हसायला लागला. “जाऊ दे, सांगून मजा नाही. तिथे असायला हवं होतंस.”

तिने अर्धं ताट तसंच उचललं आणि बेसिनपाशी नेलं.

गुरुवारी लॅब अर्धा दिवस होती. घरी येऊन तिने चप्पलसुद्धा काढली नाही, टीव्ही लावला. डाव नेहमीसारखा झोपडीतच उघडला. आरसा चार पावलांवर होता. तिने डोळे मिटले, श्वास रोखला, बटण दाबून मनात चार आकडे मोजले आणि डोळे उघडले. समोर आरसा, आरशात ती. आरसा काही हलत नव्हता, आरशाशी तिचं भांडण नव्हतं.

नाक वाकडं करायचं, गालावर चामखीळ, भुवया जाड, असं ठरवून ती बसली होती. चिमणीला शनिवारी तोच अवतार घेऊन हिंडू दे. पण बारा वर्षांत जिने एक दातही मुद्दाम वाईट केला नव्हता, तिच्या हातांना वाईट काम जमेना. चामखीळ लावली आणि ती खोटी दिसते म्हणून काढली. जबडा रुंद केला, मग त्याला शोभतील असे गाल केले. वरचा डावा सुळा बाहेर ओढला, मग ओठ त्यावर जसा उचलला जाईल तसा उचलला. तासाभराने मागे रेलून बघते तर समोर चिमणी.

आश्चर्य करायचं कारण नव्हतं. तीन वर्षांपूर्वी चिमणीच्या दाढेची कॅप तिनेच केली होती. त्या जबड्याचा साचा आठवडाभर तिच्या हातात होता, आणि हात विसरत नाहीत. त्या सुळ्यापायी चिमणी फोटोत कायम तोंड मिटून घ्यायची. हेही तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तिला गंमत वाटली. घाल म्हणावं दुसऱ्यांचे चेहरे. बघ तुझा.

गेमने विचारलं, जुना चेहरा पुसला जाईल, चालेल का? लॅबमध्ये कोणी वर्षाच्या आत साचा फेकला तर हीच बाई आकाशपाताळ एक करायची. इथे तिने फट्‌कन हो केलं.

शनिवारी तीन वाजता बेल वाजली. आज ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात कोरडा कप आणि कोरडं फडकं. खेळ सुरू झाला, नवऱ्याने मान वळवून शेजारी बघितलं आणि थांबला.

“चिमे,” तो म्हणाला, “जरा आरशासमोर जा.”

चिमणी आरशासमोर गेली. मग कंट्रोलर ठेवून ती उठली. आता ही रडणार किंवा भांडणार, अशी वहिनीने मनाची तयारी केली.

“सुळासुद्धा केलास गं,” चिमणी म्हणाली. तिने तोंडावर हात नेला आणि खाली घेतला. “इतकी काही वाईट नाही दिसत मी.” आणि तिने वहिनीला कपासकट मिठीत घेतलं. “मला ना, तुझी बाई घेऊन हिंडताना सारखं उसनं वाटायचं. तुला कसं कळलं? आता ही माझी, हक्काची.”

“अगं, त्यात काय,” वहिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“तसं मला काय, मी तिच्या डोळ्यांतून बघायचे, मला ती दिसायचीच नाही. दिसायची ती यालाच.” चिमणीने भावाकडे हनुवटी उडवली. “खेळ संपला की दर वेळी मला दीपगृहाखालच्या बाकावर बसवणार, समोर बसणार, आणि पाच मिनिटं बघत बसणार. मी म्हणायचे, दादा, अरे खरी आत बसलीय, तिच्याकडे जा की. तर म्हणायचा, शनिवारी ती रागावलेली असते, ही हसते.”

नवऱ्याचे कान लाल झाले. तो कंट्रोलरवरची न दिसणारी धूळ अंगठ्याने पुसत होता.

“जुना ठेवला असशील ना तू?” त्याने बायकोला विचारलं. “तू साचे ठेवतेस.”

“नाही ठेवला.”

“बरं,” तो म्हणाला.

तो चेहरा पुन्हा करता आला असता. त्यासाठी चिमणीकडून तिचा हक्काचा चेहरा काढून घ्यावा लागला असता, आणि तो दिला कशासाठी होता तेही सांगावं लागलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती फडकं टाकून आली आणि सोफ्याजवळच्या खुर्चीवर बसली, तोंड टीव्हीकडे करून.

“तुला गरगरेल,” नवरा म्हणाला.

“गरगरू दे.”

आणि गरगरलं. कानांमागे घाम आला, हात गार पडले, पण ती उठली नाही. मध्ये मध्ये डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. जिथे महिनोन्‌महिने ती असून नव्हती, ते बेट बघत होती. आता तिला चिमणीचा हेवा वाटत नव्हता. हेवा वाटत होता तो त्या बाईचा, जी इतके शनिवार बाकावर बसून हसत होती, आणि ही आत पाठ करून कप धुवत होती.

सहा वाजत आले तसे ते दोघं दीपगृहाखाली आले. चिमणी सवयीने बाकावर जाऊन बसली. तो समोर बसला. डाव्या बाजूला चिमणीचा चेहरा आला, रुंद जबड्याचा, सुळा दाखवत हसणारा, अगदी हुबेहूब. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नवरा बहिणीकडे बघून हसला, “चल, झालं आजचं” म्हणाला आणि टीव्ही बंद केला. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

“पांढरी फटक पडलीयस,” तो तिच्याजवळ येत म्हणाला. “कशाला बघत बसलीस एवढं?”

“बाक बघायचा होता,” ती म्हणाली.