बहिणीच्या कार्डावरच्या प्रेमकथा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीशी अठरा वर्षं काढलेल्या बाईंना इंग्रजीच्या सरांचं नवं संशोधन ऐकून हसावं की रडावं तेच कळेना. सरांनी सव्वाशे मुलामुलींना विचारलं होतं, इंग्रजी सुधारायला तुम्ही काय वाचता? झाडून साऱ्या मुलग्यांनी लिहून दिलं: अग्रलेख, अर्थशास्त्र, थोरांची चरित्रं. सरांनी ते जसंच्या तसं गिळलं. मुलींच्या बाबतीत मात्र त्यांना खात्री करून घ्यायची होती, म्हणून ग्रंथालयाच्या नोंदी मागवल्या.

"मुलग्यांच्याही देऊ का?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी लिहून दिलंय की!"

मुलग्यांची कार्डं कोरी करकरीत होती आणि थोरांच्या चरित्रांवर बोटभर धूळ.

निष्कर्ष वाचायला सरांनी सभागृहात सभा भरवली. "मुलगे ज्ञानासाठी वाचतात, मुली मन रमवायला," असं म्हणत त्यांनी पडद्यावर एक कार्ड दाखवलं. वर्षात एकतीस प्रेमकथा! हशा पिकला. नाव झाकलेलं होतं, क्रमांक झाकायचा राहिला होता. तो बाईंच्या भाचीचा होता. पोरगी कानापर्यंत लाल झाली. शेजारी तिचा धाकटा भाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

मागे उभ्या असलेल्या बाईंचं डोकंच फिरलं.

"सर, तिनं त्यातलं एकही पुस्तक उघडलेलं नाही. दर शनिवारी ताईचं कार्ड घेऊन हा येतो. अवघड शब्दांचे अर्थ समासात याच्याच अक्षरात आहेत. ती वाचनकक्षात बसून वर्तमानपत्रं वाचते, त्याची नोंद कुणी ठेवत नाही."

"मावशी, काहीही काय!" भाचा ओरडला.

"मग यापुढे स्वतःच्या कार्डावर ने."

सरांनी घसा खाकरला. "अपवाद असायचेच, बाई." आणि पुढचा तक्ता लावला.

निबंध छापून आला, कानामात्रा न बदलता. सरांना बढतीही मिळाली. ताईनं कार्ड द्यायचं बंद केलं आणि भाचा तीन आठवडे ग्रंथालयाकडे फिरकला नाही. चौथ्या शनिवारी स्वतःचं कार्ड घेऊन आला. वर अर्थशास्त्राचा जाडजूड ठोकळा, खाली प्रेमकथा. बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला.

अर्थशास्त्र सोमवारीच परत आलं. प्रेमकथेची मुदत मात्र त्यानं दोनदा वाढवून घेतली.